रविवारी रिकामी होणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, गाडीतली. पिकअपचे बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे वाकून पाहिले तरच मी दिसते. वीतभर उंच, तेलाने काळी पडलेली, दोन रबरी नळ्यांच्या मध्ये आवळून बसवलेली. माझ्या तळाशी एक छोटा पितळी नळ आहे. आत किती भरले ते कळावे म्हणून बाजूला बोटभर पारदर्शक नळी आहे. माझ्याकडे कुणी कौतुकाने पाहावे असे माझ्यात काही नाही. तरीही एके काळी एका माणसाने माझे भर बाजारात कौतुक केले होते. त्या माणसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

आधी माझे काम सांगते, म्हणजे पुढचे समजेल. माणूस म्हातारा झाला की त्याला धाप लागते. डिझेल इंजिनाचेही तसेच असते. आतल्या रिंगा झिजल्या की धूर जिथे जायला नको तिथे जातो, आणि जाताना तेलाचे बारीक कण घेऊन जातो. ही तेलकट वाफ एका नळीतून पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडलेली असते. हळूहळू ती सगळी वाट चिकट होते. मी त्या वाटेच्या आधी बसते. वाफ माझ्यात शिरते, तेल माझ्या पोटात साठते आणि हवा तेवढी पुढे जाते. साठलेले तेल मात्र कुणीतरी नळ उघडून काढावे लागते. ते मला स्वतःला जमत नाही.

मला शिवानीने बनवले. सावरगावच्या गुणवंताकाकांची ही एकुलती एक मुलगी. आयटीआयमध्ये तिने डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. घरी ती स्वयंपाकघरात बसून मोठ्याने पाठांतर करायची. भाकरी थापता थापता आई, म्हणजे कुसुमकाकू, सगळे ऐकत असायच्या. पुढे शिवानी सौंसरला रामाजी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये काम शिकायला लागली.

त्या वर्षी काकांची पिकअप फार धूर सोडू लागली. संत्र्यांचे क्रेट भरून चढ चढताना तिचा दम जायचा. रामाजी म्हणाले, इंजिन खोलावे लागेल. पण संत्र्याचा हंगाम तोंडावर आलेला. गाडी महिनाभर उभी ठेवणे काकांना परवडणारे नव्हते. तेव्हा शिवानी म्हणाली, "सीझनपर्यंत मी काही तरी जुगाड करते, बाबा."

तिने गॅरेजमागच्या भंगारातून स्टीलच्या पाइपाचा एक तुकडा निवडला. तो तुकडा म्हणजे मी. तिने मला कापले, तळ आणि झाकण जोडले, दोन तोंडे काढली. माझ्या पोटात तिने भांडी घासायची तारेची घासणी भरली, म्हणजे तेल त्या तारांना धरेल आणि थेंबाथेंबाने खाली गळेल.

रामाजींनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "अन् तार तुटून इंजिनात गेली त?"

"वर-खाली बारीक जाळी टाकून राहिली न, काका."

रामाजींनी जाळी बोटाने दाबून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली, आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. रामाजींची शाबासकी अशीच असायची.

काका एका उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होते. "गाडीले डबी लावून राहिली पोरगी. उद्या उशी-चादर लावशीन."

"हसा तुम्ही. पण दर रविवारी रिकामी करजा, बाबा. भरली अन् तुम्ही तशीच गाडी चालवली, त सारं तेल एकदम आत जाईन. मंग इंजिन चाबीनं बंद नाही होत. आपलंच तेल पिऊन पळत राहाते, फुटेपर्यंत."

"बरं बाई, बरं."

पहिल्या रविवारी काकांनी मुलीच्या शब्दाखातर माझ्याखाली चहाचा ग्लास धरला आणि नळ उघडला. अर्धा ग्लास काळेभोर तेल निघाले. काका ग्लासाकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी तो ग्लास प्लास्टिकने झाकून त्यांनी थेट पांढुर्ण्याच्या बाजारात नेला. जो भेटेल त्याला ग्लास दाखवायचे आणि बॉनेट उघडायचे. "हे सारं इंजिनात जाऊन राहिलं होतं. माह्या पोरीनं पकडलं." संत्र्याचे व्यापारी वाकून वाकून मला पाहत होते. मित्रांनो, भंगारातल्या एका तुकड्याला इतका मान मिळालेला तुम्ही कधी पाहिला आहे का? मला त्या दिवशी फार सुख वाटले. हंगाम संपला, पण गाडी चालत होती, म्हणून इंजिन खोलणे राहूनच गेले.

दीड वर्षाने शिवानीला दूर पिथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिला स्टेशनवर सोडायला काका माझ्याच गाडीतून गेले. उतरण्याआधी शिवानीने बॉनेट उघडले, माझ्या क्लिपा पिळून घट्ट केल्या आणि म्हणाली, "रविवारी नऊ वाजता फोन करीन. किती निघालं ते सांगजा."

"सांगीन."

"विसरान न?"

"मी कायले विसरीन?"

तेव्हापासून रविवारचा नेम ठरला. सकाळी आंघोळ झाली की काका यायचे, जुन्या बनियानच्या फडक्याने मला पुसायचे, बाटली लावून नळ उघडायचे आणि बाटलीतले तेल बोटांनी मोजायचे. नऊ वाजता फोन वाजला की तिथेच उभ्या उभ्या सांगायचे, "आज दोन बोटं निघालं व." ती विचारायची, रंग कसा आहे, वास कसा आहे. ते सांगायचे. मग ती म्हणायची, "ठेवू का?" आणि ते म्हणायचे, "ठेव." एवढेच बोलणे. पण फोन ठेवल्यावर काका बराच वेळ बॉनेटला टेकून उभे असायचे. एकमेकांची आठवण येते हे त्या दोघांना सांगता येत नसे. म्हणून ते माझ्याबद्दल बोलायचे.

तीन वर्षे असे चालले. आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते.

एका रविवारी काकांनी मला रिकामे केले, फोनवर बोलले आणि आत गेले. तासाभराने पुन्हा आले. बाटली लावली, नळ उघडला. एक थेंबही आला नाही. त्यांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिले, नळीत फुंकर मारली. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, पण चिडचिड नव्हती. रस्ता चुकलेला माणूस परक्या चौकात उभा राहतो तसे ते उभे होते. मग हळूच त्यांनी बॉनेट लावले.

कुणालाच कळले नाही. मला कळले, पण मी कोणाला सांगणार?

पुढच्या महिन्यात याच्या उलटे झाले. नऊ वाजता फोन आला तेव्हा काका बॉनेटशी उभे होते, पण नळाला त्यांनी हातही लावलेला नव्हता. "केली का रिकामी, बाबा?" "केली व. दोन बोटं निघालं." मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होते की केली.

मग पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते, म्हणजे दोन गावांची एकमेकांवर दगडफेक. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधला पूल सकाळपासून बंद. इथे जन्मलेल्या लहान मुलालाही त्या दिवशी गाडी काढायची नसते हे माहीत असते. काकांनी काढली. पुलाच्या अलीकडे पोलिसाने हात केला.

"काका, कुठी जाऊन राहिले? आज गोटमार आहे न!"

काका काचेतून बाहेर बघत राहिले. समोर माणसांचा समुद्र. कितीतरी वेळाने ते म्हणाले, "हो का?"

"कुठचे आहा तुम्ही?" पोलीस हसून म्हणाला.

काका त्याच गावचे होते. त्यांनी गाडी वळवली.

ही गोष्ट घरी पोचली. त्यानंतर कुसुमकाकू प्रत्येक खेपेला गाडीत बसू लागल्या. घरी कंटाळा येतो, असे त्या शेजारणींना सांगायच्या. गाडीत मात्र त्या क्षणभरही गप्प नसायच्या. "आता डावीकडं वळता न? लोधीखेड्याले जायचं आहे आपल्याले." "त्या बगीच्याचं फाटक आलं पाहा." सहज बोलल्यासारखे बोलायच्या, म्हणजे काकांचा मान राहील. रविवारी फोन वाजला की त्या काकांच्या शेजारी उभ्या राहायच्या. काका अडखळले की हळूच दोन बोटे दाखवायच्या, आणि काका म्हणायचे, "दोन बोटं."

काकूंनी माझ्याकडे कधी वाकून पाहिले नाही. त्यांना काका सांभाळायचे होते. त्यात माझी आठवण कुठून राहणार? त्यांच्यावर माझा राग नाही.

थंडी पडली, संत्र्याचा हंगाम आला. रोज लोधीखेड्याच्या बगीच्यातून माल भरून निघायचे. थंडीत माझ्या पोटात पाणीही साठते. तेल आणि पाणी मिळून दुधाच्या चहासारखा चिखल होतो. पोट भरत गेले. पारदर्शक नळी आधी निम्मी काळी झाली, मग पाऊण, मग पूर्ण. मी प्रत्येक सकाळी वाट पाहायचे की आज बॉनेट उघडेल. पाणी पाहायला, पट्टा पाहायला, कशालाही. कुणी उघडले नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी बगीच्यात गाडी भरून झाली होती. मजूर शेवटचा दोर आवळत होते. काकू आत बसल्या होत्या. काकांनी चाबी फिरवली. इंजिन चालू झाले, आणि माझ्या पोटातले तेल हवेच्या ओढीने उचलले जाऊन बहुतेक सगळे पुढे गेले.

इंजिन किंचाळू लागले. काकांचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, तरी आवाज चढतच गेला. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि संत्र्याची झाडे त्यात दिसेनाशी झाली. मजूर दोर टाकून पळाले. काकांनी चाबी बंद केली. इंजिन थांबले नाही. त्यांनी चाबी काढून हातात घेतली. तरीही थांबले नाही.

मित्रांनो, हाच माणूस पूर्वी झोपेतही सांगू शकला असता की अशा वेळी वरचा गिअर टाकायचा, ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच सोडून इंजिनाचा गळा आवळायचा. तीस वर्षे गाडी चालवली होती त्यांनी. पण ते तळहातावरच्या चाबीकडे पाहत बसले. काकू त्यांना हलवत होत्या, ओरडत होत्या. "अजी, काही तरी करा न!"

तेव्हा ते उतरले. शांतपणे पुढे आले, त्यांनी बॉनेट उघडले आणि त्या किंचाळणाऱ्या, थरथरणाऱ्या इंजिनात हात घालून थेट माझा नळ धरला. बाकी सगळे पुसले गेले होते, पण माझी जागा त्यांच्या हाताला ठाऊक होती. त्यांनी नळ उघडला. माझ्यात उरलेले, इंजिनाच्या धगीने उकळलेले तेल त्यांच्या बोटांवर, मनगटावर सांडले. त्यांनी हात काढला नाही.

"रविवार आहे," ते म्हणाले. "शिवानीचा फोन येईन."

त्या दिवशी बुधवार होता.

तेल माझे होते. हात त्यांचा होता. मला बंद होता आले असते तर मी झाले असते.

काकूंनी त्यांना मागून कमरेला धरून ओढले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. लेकीचे पाठांतर त्यांच्या कानात कुठेतरी राहिले होते: हवा बंद केली की इंजिन मरते. झाडाला पाणी द्यायच्या चारीत एक गोणपाट भिजत पडला होता. तो त्यांनी उचलला, घडी केली आणि हवा आत ओढणाऱ्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिन गुरगुरले, गदगदा हलले, आत काहीतरी मोठ्याने तुटले, आणि सगळे थांबले.

त्या शांततेत पहिला आवाज आला तो काकूंच्या रडण्याचा.

काकांचा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधला गेला. शिवानी दुसऱ्या दिवशी आली. दवाखान्यातून ती सरळ रामाजींच्या गॅरेजवर आली, कारण गाडी दोराने ओढून तिथे आणून उभी केली होती. तिने बॉनेट उघडले. पारदर्शक नळीवर वरपर्यंत तेलाचा काळा डाग राहिलेला तिला दिसला. तिने झाकण खोलले आणि आतला चिखल बोटाने पाहिला. तो आठ-पंधरा दिवसांचा नव्हता, हे तिच्याइतके कोणाला कळणार?

काकू मागे येऊन उभ्या होत्या.

"माय, ही चार महिन्यांपासून रिकामी झाली नाही."

शिवानीने चिखलाने भरलेले बोट काकूंपुढे धरले.

"बाबा त दर रविवारी सांगत होते."

"त्याह्यले वाटे का केली," काकू म्हणाल्या. "त्याह्यचं काही ध्यानात राहून नाही राहिलं, बाई. पोळ्याच्या आधीपासून. एक दिवस मलेच इचारलं, तुमी कोणाकडं आल्या म्हणून."

"अन् तू मले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं त तू नोकरी सोडून आली असती. त्याह्यनं साऱ्या गावात सांगून ठेवलं, पोरगी कारखान्यात आहे म्हणून. तेवढं एक त्याह्यच्या ध्यानात आहे. ते कसं मोडू मी?"

शिवानी जमिनीवरच बसली. हाताला लागलेले तेल तिने पुसले नाही.

"मी दर रविवारी डबीचं इचारलं, माय. इंजिनाचं इचारलं, तेलाचा रंग इचारला. बाबा कसे आहेत, हे एकदाही नाही इचारलं." मग ती इतकी रडली की रामाजींनी गॅरेजचे शटर अर्धे ओढून घेतले आणि स्वतः बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की हा विसरण्याचा आजार आहे, दोन वर्षांपासून तरी असावा. गोळ्यांनी तो बरा होत नाही, थोडा सावकाश होतो. आधी कळले असते तर? असे शिवानीने विचारले. डॉक्टर म्हणाले, आधी कळले असते तर काही चांगले महिने जास्त मिळाले असते. काही महिने. शिवानी हे रामाजींना सांगत होती आणि मी ऐकत होते. ते महिने कुठे गेले हे मला माहीत होते. ते एकेका रविवारी माझ्यासमोरच गेले होते.

शिवानी नोकरी सोडून परत आली. आता ती रामाजींच्या गॅरेजमध्येच काम करते. सकाळी वडिलांना आंघोळ घालते, भरवते आणि मग सौंसरची बस पकडते. काका तिला कधी ओळखतात, कधी नाही. हात बरा झाला, पण दोन बोटे वळत नाहीत.

गाडीचे इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेले होते. रामाजी म्हणाले, "डबी तरी काढून घे, पोरी. तुया हातची आहे." शिवानीने पाना लावला. एक बोल्ट ढिला केला. मग थांबली. "नाही, काका. मले घरात नाही पाहवणार." तिने माझा नळ उघडून मला शेवटचे रिकामे केले, डिझेलने आतून धुतले, बाहेरून पुसले आणि बोल्ट पुन्हा घट्ट केला. इतके स्वच्छ मला तिने पहिल्या दिवशीही केले नव्हते.

शेवटी भंगारवाल्याकडे देण्याआधी गाडी एक दिवस सावरगावला घरासमोर आणून ठेवली होती. सकाळी भंगारवाल्याचा ट्रॅक्टर आला आणि त्याने साखळी लावली. काका ओट्यावर बसले होते. ते उठले, खाली आले आणि गल्ली अरुंद म्हणून भिंतीला चिकटून बाजूला उभे राहिले. गाडी त्यांच्या अंगाजवळून हातभर अंतराने गेली. तीस वर्षांचा ड्रायव्हर. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात करून सांगितले, "सांभाळून ने, बापा. लोकाची गाडी आहे, खरचटू देऊ नको."

शिवानी त्यांच्या मागे दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता की ओढणी, ते मला धुळीत नीट दिसले नाही.

आता मी पांढुर्ण्याच्या भंगाराच्या वाड्यात आहे. गाडीचे दरवाजे गेले, चाके गेली. एक दिवस मीही जाईन. त्याचे मला दुःख नाही. मी भंगारातूनच आले होते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल आणि तिच्यात माझ्यासारखी डबी असेल, तर ती वेळच्या वेळी रिकामी करा. हे तर कोणीही सांगेल. मला दुसरे सांगायचे आहे. दूर गेलात की घरी फोन कराल, तेव्हा शेताचे, गाडीचे, बाजाराचे विचारून झाल्यावर लगेच "ठेवू का?" म्हणू नका. थोडे थांबा. काल काय जेवलात, कोण भेटले, परवा कुठे गेला होतात, असे काहीतरी विचारा. मग गप्प राहून ऐका. उत्तर यायला वेळ लागला, किंवा मागून दुसरेच कोणी हळूच उत्तर सांगताना ऐकू आले, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा आणि घरी जा.